छपराबाहेरचा फलाट

गाडी उलटी निघाली तेव्हा तिच्या मनात सगळ्यात आधी जो शब्द आला तो ‘सुटले’ हा होता. विमानतळाच्या पोटातून गाडी वर उजेडात आली आणि तिचा डोळा लागला. मधल्या कुठल्याशा स्टेशनात गाडी थांबली तेव्हा जाग आली, गाडी बराच वेळ तशीच उभी राहिली, मग हलकासा धक्का बसला, आणि आतापर्यंत तोंड फिरवून दूर जाणारी खिडकीतली घरं समोरून यायला लागली. म्हणजे गाडी परत विमानतळाकडे निघाली. म्हणजे काहीतरी बिघडलं असणार, किंवा आपणच चुकीच्या गाडीत बसलो असणार, म्हणजे आज काही पोचायचं नाही. सुटले. हा शब्द इतका स्पष्ट आला की तो तोंडातून बाहेर पडला की काय म्हणून तिनं दचकून समोरच्या म्हातारीकडे पाहिलं. मग तिला स्वतःची लाज वाटली. माणूस अर्धं जग ओलांडून, विमानं बदलत, पाय सुजवून घेऊन वडिलांना भेटायला येतो, आणि अगदी वेशीपाशी गाडी मागं फिरली तर म्हणतो काय, तर सुटले! वडिलांना कळलं असतं तर? पण वडिलांना कळण्यासारखं आता फारसं काही उरलं नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच होता.

समोरची म्हातारी मात्र गाडी फिरल्याचं काहीच वाटून न घेता उठली आणि तिच्या शेजारच्या जागेवर येऊन बसली. तिनं मान वळवून पाहिलं तर अर्धा डबा तेच करत होता. लोक वर्तमानपत्रं, डबे, पोरं उचलून समोरासमोरच्या जागा बदलत होते, तेही अगदी गंभीर चेहऱ्यानं, लहानपणीच्या एखाद्या खेळात घंटा वाजल्यासारखे.

“नवीन दिसताय,” म्हातारी म्हणाली. “इथं गाडी तोंड फिरवते. ड्रायव्हर त्या टोकाला उतरून ह्या टोकाला येतो. तुम्ही आत्ता झोपेत उलट्या बसला होतात ना, आता सुलट झालात. बरंच झालं की.”

“पण चाललीये शहराकडेच?”

“मग कुठं जाणार बापडी?”

“आणि हा शेवटचा डबा...”

“आता पहिला झाला. उतरलं की समोरच बाहेर पडायचं दार. म्हणून तर आम्ही रोजची माणसं विमानतळावर धावत येऊन शेवटच्या डब्यात बसतो. चालायला नको.” म्हातारीनं हे सांगताना गुडघ्यावर थाप मारली. गुडघ्यांच्या दृष्टीनं ती मोठीच चांगली बातमी होती. ऐकणारीला मात्र ती अजिबात चांगली वाटली नाही.

कारण त्यांच्या घरात शेवटच्या डब्याला वेगळाच मान होता. बाबा गार्ड होते. जागोजागी थांबणाऱ्या, कुणालाच घाई नसलेल्या एका पॅसेंजर गाडीच्या शेपटाला त्यांची कपाटाएवढी खोली होती: एक खुर्ची, एक खिडकी, लाल-हिरवे झेंडे, कंदील, आणि जेवणाचा डबा ठेवायला एक फळी. सुट्टीत दोघी बहिणी आईबरोबर कुठंही निघाल्या की बाबांच्या खोलीला लागून असलेल्या बाकावर बसत. मधे एक लाकडी भिंत. बाबा पलीकडून बोटानं टकटक करत, ह्या दोघी अलीकडून. टकटक झाली की तिला वाटायचं, आता सगळं ठीक आहे, आता गाडी कितीही लांब जाऊ दे. पुढं ती मोठी झाली, बाबा निवृत्त झाले, गाड्यांचे रंग बदलले, काही गाड्यांना तर गार्ड राहिलाच नाही. पण घरातली माणसं शेवटच्याच डब्यात बसत राहिली. कुणी ठरवलं नव्हतं. दुसरीकडे बसलं की परक्याच्या घरात वाढून घेतल्यासारखं वाटायचं एवढंच. आई तेवढी कुरकुरायची. शेवटचा डबा नेहमी फलाटाच्या छपराबाहेर थांबे, उन्हात नाहीतर पावसात, आणि तिथून जिन्यापर्यंत सामान ओढत यावं लागे. “तुमच्या बाबांच्या नादानं माझं निम्मं आयुष्य छपराबाहेर उतरण्यात गेलं,” असं ती चारचौघात सांगे, आणि सांगताना तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा मिरवणंच जास्त असे. “पुढं बसून काय दिसतं?” बाबा म्हणत. “रस्ता! मागं बसलं की वळणावर अख्खी गाडी दिसते.” आई गेली तेव्हा ती परदेशातून आली ती अशीच, आधी बसनं त्या लांबच्या स्टेशनापर्यंत आणि मग गाडीनं. विमानतळापर्यंत तेव्हा रूळच नव्हते. ती गाडी नाकासमोर चालणारी होती, मधेच तोंडबिंड फिरवणारी नव्हती. ती शेवटच्या डब्यातून उतरली तेव्हा बाबा छपराबाहेर उभे होते. प्रत्येक वेळी असत. कॉलेजातून परतताना, पहिली नोकरी सोडून परतताना, नवऱ्याला सोडून एकटीच परतताना. काही न विचारता छपराबाहेर उभे.

गेल्या वर्षभरात धाकटीचे फोन हळूहळू बदलत गेले होते. आधी ती चिडून सांगायची, बाबांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, बाबा शेजारच्यांच्या घरात जाऊन बसले. मग चिडणं संपलं आणि ती फक्त सांगायला लागली. “ताई, मला आता ते मॅडम म्हणतात. काल चहा दिला तर म्हणाले, मॅडम, तुम्ही उगाच त्रास घेतलात. मी न्हाणीघरात जाऊन रडले, आणि मग रडता रडता हसायलाच आलं. इतक्या आदरानं ते जन्मात माझ्याशी बोलले नव्हते गं.” तीही फोनच्या ह्या टोकाला हसली होती. तिच्या कामाच्या जागी, लांबलचक टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले होते, आणि हसता हसता तिला एकदम वाटलं की हे सगळे जबडे आपल्याकडे बघून थांबलेत. ती कवळ्या करायची. मेणात एकेक दात बसवायचा, त्याला माणसाच्या वयाचा पिवळटपणा द्यायचा, अगदी पांढरे दात दिले की म्हातारा माणूस जाहिरातीतला दिसतो. बाबांचीही कवळी तिनंच केली होती, मागच्या खेपेला. बाबा ती काढून शेजाऱ्यांना दाखवत, “थोरलीचे दात” म्हणून, आणि शेजारी बिचारे चहाचा घोट तसाच तोंडात धरून माना डोलावत.

“तुला मात्र विसरले नाहीत,” धाकटी म्हणाली होती. “दिवसातून दहा वेळा विचारतात, ठकूची गाडी कधी आहे. ठकू येणारे. ठकू शेवटच्या डब्यात असेल.” ठकू म्हणजे ती. हे नाव आता जगात एकच माणूस वापरत होता. “मग मला ओळखतील ना गं?” तिनं विचारलं. धाकटी म्हणाली, “तुझा फोटो दाखवला मी. तर ‘ह्या कोण बाई’ म्हणाले. पण फोटोचं सोड. फोटोत तू चष्मा लावून कशी परीक्षकासारखी दिसतेस. तू शेवटच्या डब्यातून उतर. त्या डब्यातून जी उतरेल ती ठकू, एवढं एक त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते उभे असतील, तू समोर उतरशील, की झालं. एकदा ओळखलं की मग घरीही ओळखतील, डॉक्टर म्हणतात असं होतं कधी कधी.” डॉक्टर असं म्हणाले होते की धाकटीनं स्वतःच्याच मनानं रचलं होतं, हे तिनं विचारलं नाही. तिकीट काढलं.

आणि आता शेवटचा डबा पहिला झाला होता. तिनं घाईघाईनं फोन लावला. पलीकडे स्टेशनचा गोंगाट आणि त्यात धाकटीचा बारीक आवाज. “पहिला? असं कसं पहिला? तू शेवटच्यात बसली नाहीस?”

“बसले गं. गाडीनंच तोंड फिरवलं मधे.”

“मला मेलीला काय ठाऊक, मी कधी गेलीये विमानतळावर! आता काय करायचं?”

“त्यांना पुढं घेऊन ये, दारापाशी.”

“नाही येत ताई. सकाळपासून कोट घालून बसले होते. इथं आल्यापासून छपराबाहेर जाऊन जे उभे राहिलेत ते हलत नाहीत. पुढं चला म्हटलं की हात झटकतात. तूच ये मागं. आतून येता येतं ना? आतून ये.”

आतून येता येतं. तिनं वरून बॅग काढली, म्हातारीचा निरोप घेतला आणि गाडीतून उलटी चालायला लागली. गाडी शहराकडे धावत होती आणि ती गाडीतल्या गाडीत शहरापासून दूर चालली होती. आपण नक्की कुठल्या दिशेला जातोय हे पायांना कळेना. प्रत्येक दोन डब्यांच्या मधे ते जाड रबरी घड्यांचं बोळकांडं लागे, तिथं आवाज एकदम मोठा होई, पायाखालच्या पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांवर सरकत, आणि मग पुढचं दार आपोआप बाजूला होऊन पुन्हा शांतता. डब्यामागून डबे. एका डब्यात सगळे झोपलेले होते, रात्रभराच्या विमानानं आलेले असणार. तोंडं उघडी. एरवी तिनं सवयीनं सगळ्यांचे दात पाहिले असते, कुणाचा कुठला पडलाय, कुणाला लवकरच आपल्यासारख्याची गरज लागणार. आज तिला त्या उघड्या तोंडांमधून फक्त श्वास जाता-येताना दिसला. किती सहज जात होता. खिडकीबाहेर घरांच्या मागच्या बाजू होत्या: गच्च्यांवर वाळणारे कपडे, मोडक्या सायकली, एका बाल्कनीत कुणीतरी पाठमोरी बाई झाडांना पाणी घालत होती. ती पुढच्या डब्यात गेली तरी ती बाल्कनी तिच्याबरोबरच चालत राहिल्यासारखी वाटली. चालण्याचा वेग आणि गाडीचा वेग यांचं कुठंतरी जुळत असावं. असंच चालत राहावं, गाडीनं धावत राहावं, आणि कुणीच कुठं पोचू नये. कारण, तिला चालता चालता अगदी उघड कळलं, पोचेपर्यंत आपण ठकू आहोत. छपराबाहेर एक म्हातारा माणूस कोट घालून उभा आहे आणि तो ठकूची वाट बघतोय. आपण समोर उभे राहिलो की दोन्हीपैकी एक होणार, तो ओळखणार नाहीतर नाही. आत्ता ह्या क्षणी मात्र तो ओळखतोय. आपण नसताना तो आपल्याला अगदी नीट ओळखतोय. म्हणून ‘सुटले’ आलं मनात. लबाडी नव्हती ती, भीती होती. तिला त्या शब्दाची लाज वाटेनाशी झाली, भीती मात्र तिथंच राहिली.

मग एक दार लागलं ते बाजूला झालं नाही. तिनं हँडल ओढलं, ढकललं. काचेतून आत एक अंधारी, रिकामी खोली दिसली, बटणं आणि एक खुर्ची. त्या खोलीच्या पुढच्या काचेतून पलीकडची तसलीच दुसरी काच दिसत होती आणि तिच्यापलीकडे, लांब, दुसऱ्या डब्यात बसलेल्या माणसांची डोकी.

“इथून पुढं वाट नाही, ताई,” मागून आवाज आला. तिकीट तपासनीस होता, पोट सुटलेला, निवांत. “दोन गाड्या एकमेकींना जोडल्यात. मधे ड्रायव्हरच्या दोन खोल्या, दोन्हींना कुलपं.”

“तुमच्याकडे किल्ली असेल ना?”

“किल्ली आहे की. पण कुलूप उघडलं तरी मधे खाली रूळ आहेत. उडी मारता?” तो हसला, आणि तिचा चेहरा पाहून लगेच थांबला. “कोण आहे पलीकडे तुमचं?”

तिच्या अगदी ओठावर आलं होतं, मी. पलीकडे, सगळ्यात शेवटच्या डब्यात, लाकडी भिंतीला कान लावून मी बसलेय. “कुणी नाही,” ती म्हणाली. “तिकडून उतरायचं होतं.”

“हात्तिच्या! मग उतरून चालत जा. फलाट कुठं पळून जातोय?”

तो तिकीट बघून निघून गेला. ती तिथंच काचेला कपाळ लावून उभी राहिली. पलीकडची डोकी दोन काचांच्या आड पाण्यात असल्यासारखी हलत होती. गाडी वळणावर आली तेव्हा जोडलेली दुसरी गाडी बाजूच्या खिडकीतून पूर्ण दिसली, उन्हात चमकत, वाकत येणारी, आणि तिच्या टोकाचा तो डबा. तिला त्याचा हेवा वाटला. तिला वाटलं त्यात खरंच ती बसली असेल: दोन वेण्यांची, गुडघ्याला खरचटलेली, किंवा कॉलेजातली, किंवा नवऱ्याला सोडून आलेली ती, बाबांच्या मनात जी कोण असेल ती. ती उतरेल, बाबा तिला घरी घेऊन जातील, धाकटी चहा टाकेल. आणि आपण, चष्मेवाल्या, पिकल्या केसांच्या बाई, दुसऱ्या दारानं निघून परत विमानतळावर जाऊ. विचार वेडगळ होता हे तिला समजत होतं, पण तो इतका शांत होता की तिनं त्याला हाकललं नाही. रुळांना रूळ येऊन मिळायला लागले. इमारती उंच झाल्या, सावल्या डब्यातून पट्ट्यापट्ट्यांनी सरकल्या, झोपलेले लोक जागे होऊन केस सारखे करायला लागले. गाडी छपराखाली शिरली.

दार उघडताच ती उतरली आणि सगळी गाडी तिच्या अंगावर आली. प्रत्येकाला पुढं जायचं होतं, बाहेर पडायच्या दाराकडे. मागं जाणारी ती एकटीच. बॅगांची चाकं तिच्या पावलांवरून गेली. “अहो बाई, उलट्या कुठं?” कुणीतरी ओरडलं. ती खांद्यानं वाट काढत राहिली. आधी भरभर, मग जवळजवळ पळत, कारण आता तिला पोचायचं होतं. गाडीतलं ते सगळं धुकं उतरल्याबरोबर कुठंतरी गेलं होतं आणि एकच उरलं होतं, की तिकडून दुसरं कुणी उतरायच्या आत आपण तिथं असलं पाहिजे. दोन्ही गाड्यांची नाकं जिथं एकमेकींना टेकली होती ती जागा तिनं मागं टाकली. गर्दी विरळ झाली. छप्पर संपलं आणि ऊन आलं.

बाबा उभे होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, केस पाण्यानं चापून बसवलेले, केवढेसे झालेले. धाकटीनं त्यांचं कोपर धरलं होतं. आणि त्यांच्यासमोर, शेवटच्या डब्याच्या शेवटच्या दारातून उतरलेली एक बाई उभी होती. निळा कोट, गळ्यात कामाच्या जागेचं ओळखपत्र, हातात छोटी बॅग. बाबांचा हात तिच्या डोक्यावर होता.

“आलीस, ठकू?” बाबा म्हणाले.

बाई गोंधळून धाकटीकडे बघत होती.

“खाल्लंस का काही?”

“हो,” बाई हळूच म्हणाली. “खाल्लं.”

“दमलीस गं.”

“थोडीशी.”

ती चार पावलांवर थांबली. एक शब्द पुरला असता. बाबा, एवढाच. तो घशापर्यंत आला, आणि मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला. सगळ्या सुरकुत्या वर उचलल्या गेल्या होत्या, डोळे भरून आले होते, आणि एखाद्या मुलाची हरवलेली वस्तू सापडावी तसा सगळा जीव तिथं गोळा झाला होता. इतक्या वेळा ती ह्या फलाटावर उतरली होती पण हा चेहरा तिनं कधीच पाहिला नव्हता. ज्याच्यासाठी असतो त्याला तो दिसत नाही. तो त्या वेळी बॅग सांभाळत असतो, पायरी बघत असतो, भूक लागलीये म्हणत असतो. प्रत्येक वेळी तो असाच होता तर. कॉलेजातून आले तेव्हा. नवऱ्याला सोडून आले तेव्हा. तिला रडू फुटलं, आणि तिनं तो शब्द गिळून टाकला.

बाईनं बाबांच्या खांद्यावरून तिला पाहिलं. बॅग हातात धरून रडत उभी असलेली बाई, दुसरी कोण असणार? तिला कळलं असावं. तिनं बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “मला निघायला हवं. कामावर जायचंय.”

“ड्युटी आहे?” बाबा लगेच ताठ झाले. “मग जा. ड्युटीला उशीर नको.”

बाई तिच्याजवळून जाताना पुटपुटली, “माफ करा, मला काय करावं कळेना.” तिनं मान हलवली. नाही, नाही, असं काहीतरी.

निळा कोट छपराखालच्या गर्दीत दिसेनासा होईपर्यंत बाबा बघत राहिले. मग समाधानानं धाकटीकडे वळले. “बघितलंत ना मॅडम? मी म्हणत नव्हतो, येणार म्हणून?”

“हो बाबा,” धाकटी म्हणाली. ती ताईकडे बघत होती आणि तिचा चेहरा मोडून गेला होता.

बाबांची नजर त्या दिशेनं गेली. छपराबाहेर एक अनोळखी बाई बॅग घेऊन एकटीच उभी होती. त्यांनी जरा वाकून, सभ्यपणानं विचारलं, “तुमचं कुणी यायचं होतं का?”

“हो,” ती म्हणाली. “वडील.”

“मग? आले?”

तिनं डोळे पुसले. “आले.”

“झालं तर मग,” बाबा म्हणाले, आणि हात पुढं करून त्यांनी तिची बॅग घेतली. “उन्हात कशाला उभ्या राहता? चला.”